खोरे आणि खडू : रयत शिक्षण संस्थेची शंभर वर्षांची वाट

रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिक झाले नाहीत. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला जन्मलेला हा जैन शेतकरी घराण्यातला मुलगा कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात इंग्रजी सहावीपर्यंत पोचला आणि तिथेच त्याचे शिक्षण थांबले. पुढची काही वर्षे पोटाच्या मागे गेली. साताऱ्यात शिकवण्या केल्या. तिथे ‘पाटील मास्तर’ हे नाव पडले. मग ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरासाठी गावोगाव विक्री केली. पाडळीला धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. मात्र ज्या माणसाने पुढे ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र आणले त्याने आधी स्वतः अर्धवट शिक्षणावर कमावून पाहिले होते, ही गोष्ट लहान नाही. नांगर विकणाऱ्याला बांधावर बसावे लागते, शेतकऱ्याच्या घरातली कर्जे ऐकावी लागतात, आणि पोरगा शाळेत का जात नाही याचे कारण न विचारताच कळते.

त्या काळात खेड्यातल्या मुलापुढे दोन अडचणी असत. गावात चौथीपलीकडे शाळा नसे, आणि शहरात शाळा असली तरी राहायला-जेवायला जागा नसे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात यातली दुसरी अडचण सोडवायला घेतली होती. १९०१ पासून तिथे एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहू लागली: मराठ्यांचे, जैनांचे, मुसलमानांचे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. भाऊराव जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर अंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी अंघोळ नाकारली आणि बोर्डिंगातून त्यांची हकालपट्टी झाली. पुढे संस्थेच्या वसतिगृहात जातवार चुली कधी मांडल्या गेल्या नाहीत, याचे मूळ शोधायला दूर जावे लागत नाही.

जातवार वसतिगृहांचा त्या काळी उपयोग झाला हे खरे. ज्या समाजाला कुणी दारात उभे करत नव्हते त्याला निदान स्वतःचे छप्पर मिळाले. पण तिथून शिकून बाहेर पडणारा मुलगा कचेरीत, शाळेत किंवा कारखान्यात गेला की त्याला इतर जातींच्या माणसांबरोबर काम करावे लागणार होते, आणि त्याची सवय त्या छपराखाली लागत नव्हती. भाऊरावांनी दुधगावला सहकाऱ्यांच्या मदतीने सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले ते याच उमेदीच्या काळात. तेव्हाचीच इस्लामपूरची एक हकीकत संस्थेत अजून सांगितली जाते. शाळेच्या बाहेर बसून शिकणारा एक महार मुलगा भाऊरावांना दिसला. त्यांनी त्याला कोल्हापूरला नेले आणि मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावली. ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप हे त्याचे नाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेल्या ‘मूकनायक’च्या संपादकपदी पुढे घोलप आले. शाळेच्या उंबऱ्याबाहेरून वृत्तपत्राच्या संपादकपदापर्यंतचा हा प्रवास संस्था स्थापन होण्याआधीचा आहे, तरी तिच्या साऱ्या कामाचा नमुना त्यात दिसतो.

संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याला, कराड तालुक्यातल्या काले या गावी झाली. सत्यशोधक समाजाच्या विचारांतून हे काम उभे राहिले, म्हणून नावात ‘रयत’ आली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, लिंगायत, ब्राह्मण अशा घरांतली मुले एका पंगतीला बसू लागली. सोबतीला आलेली माणसेही अशीच निरनिराळ्या घरांतली होती. साताऱ्याचे वकील इस्माईलसाहेब मुल्ला त्यांपैकी एक. संस्थेचे विधी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालते.

पैसा कुठून येई? घरातून आणि गावातून. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही वसतिगृहातल्या पोरांच्या धान्यासाठी दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेत त्यांना ‘रयतमाउली’ म्हणतात. गावोगावच्या बाया रोज दळायला घेताना एक मूठ धान्य संस्थेच्या नावाने बाजूला टाकत. याला ‘मुष्टिफंड’ म्हणत. सुगीला बैलगाडी फिरे आणि ते धान्य वसतिगृहाच्या कोठीत येई. ज्या बाईने आयुष्यात शाळेची पायरी पाहिली नाही तिच्या मुठीवर कुणाचा तरी पोरगा सातवीच्या फायनल परीक्षेला बसला, हा हिशेब कुठल्याही ताळेबंदात येत नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात वसतिगृह पाहायला आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे नामकरण ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे झाले. सगळ्या जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र स्वयंपाक करतात, एकत्र जेवतात, हे त्यांनी पाहिले. १९३२ च्या पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस निघाले, त्यामागेही हीच कल्पना होती.

आता कामाकडे येऊ, कारण संस्थेचे वेगळेपण तिथे आहे. वसतिगृहात गडी नव्हता. पाणी भरणे, दळण, स्वयंपाक, झाडलोट, गुरे, शेत ही सारी कामे मुलांची. पहाटे उठून शेतात किंवा बांधकामावर काही तास, मग शाळा, मग अभ्यास. पडीक माळ फोडून बागायत करायची, विहीर खणायची, दगड फोडून भिंत उचलायची. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, ते मोफत आणि निवासी. मुलाने फी द्यायची नाही, श्रम द्यायचे. जून १९४७ मध्ये, देश स्वतंत्र व्हायला दोन महिने असताना, छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ पदवीपर्यंत पोचले. कॉलेजच्या आवारात ज्या हातांनी खोरे चालवले तेच हात वर्गात वही उघडत.

या पद्धतीवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. गरिबाच्या पोराने दगड फोडायचे आणि श्रीमंताच्या पोराने नुसते वाचायचे, याला समता कशी म्हणायची? प्रश्न रास्त आहे. भाऊरावांच्या वसतिगृहात त्याचे उत्तर होते, कारण तिथे काम सगळ्यांना होते: पाटलाच्या मुलाला आणि मांगाच्या मुलाला एकाच वेळी घमेले उचलावे लागे. जातीने जी कामे काही घरांच्या माथी मारली होती ती सगळ्यांच्या वाट्याला आली की त्यांतला कमीपणा गळून पडतो. पुढे अनेक महाविद्यालयांनी ही योजना उचलली तेव्हा मात्र हा भाग मागे राहिला. ‘कमवा आणि शिका’ म्हणजे गरजू मुलांना ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे किंवा कार्यालयात फायली आवरण्याचे तासावारी काम, असे तिचे रूप झाले. मदत म्हणून ती चांगलीच आहे, पण मूळ योजनेत जे सर्वांसाठी होते ते आता फक्त गरिबांसाठी उरले आहे.

शिक्षण संपल्यावर काय, हा प्रश्न मात्र संस्थेने कुणावर सोडला नाही. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. त्या काळी मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झालेला मुलगा प्राथमिक शाळेचा मास्तर होऊ शकत असे. खेड्यातल्या कष्टकरी घराला पगाराची म्हणून माहीत असलेली नोकरी बहुधा हीच. भाऊरावांनी मुलांना शिकवले, त्यांतल्या अनेकांना ट्रेनिंग दिले आणि त्यांनाच नव्या गावात शाळा काढायला पाठवले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्या काळात सरकारी शाळा नसलेल्या गावांत लोकांनी चालवलेल्या ‘व्हॉलंटरी’ शाळा वाढल्या. रयतने अशा ५७८ शाळा काढल्याची नोंद आहे; पुढे त्या सरकारी यंत्रणेकडे गेल्या.

या शाळा बहुतेक डोंगरातल्या आणि आडवाटेच्या. मंदिर, धर्मशाळा, कुणाची पडवी, मिळेल ती जागा म्हणजे वर्ग. मास्तर विशीचा आणि पगार बेताचा. तो स्वतः पाच-सात वर्षांपूर्वी अशाच गावातून वसतिगृहात आलेला असे. त्यामुळे पोरगा शाळेत का येत नाही हे त्याला ठाऊक असे. गुरे राखायला कोण जाईल ही अडचण त्याच्याही घरी होती. शिक्षणातून नोकरीत जाण्याचा रयतचा पहिला मोठा रस्ता असा होता, आणि तो पुन्हा शाळेतच येत होता. संस्था आपल्याच विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी मालक बनली. तिथे नोकरदाराला आजही ‘रयत सेवक’ म्हणतात. आयुष्य संस्थेला वाहून घेणाऱ्या लाइफ मेंबरांची परंपराही याच काळातली. याची एक मर्यादाही होती. कारखाना, व्यापार, बँक यांकडे जाणारी वाट त्या मानाने अरुंद राहिली, आणि हुशार मुलाने मास्तर व्हावे हा संस्कार दोन पिढ्या टिकला.

मुलींचे काय, हे विचारायला हवे. साताऱ्याच्या जिजामाता ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका बाहेर पडल्या आणि खेड्यात पगार आणणारी पहिली बाई अनेकदा शाळेची बाईच होती. पण संस्थेच्या आठवणींची पुस्तके चाळली तर पाने मुलग्यांनीच भरलेली दिसतात. खोऱ्याचे कौतुक झाले, चुलीचे कमी झाले.

१९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारवरच्या त्यांच्या जाहीर टीकेमुळे संस्थेचे अनुदान बंद झाले. हजारो मुलांच्या जेवणाचा आणि शेकडो मास्तरांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. गाडगेमहाराजांनी खेर सरकारकडे रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. कराडला १९५४ मध्ये निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे. हायस्कुले वाढली तशी पदवीधर शिक्षकांची गरज वाढली. म्हणून १९५५ मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आले. ट्रेनिंग कॉलेजने प्राथमिक शिक्षक दिले, आझाद कॉलेजने माध्यमिक. मागणी आणि पुरवठा दोन्ही एकाच संस्थेच्या आवारात होते.

पैशाअभावी पुढचे शिक्षण अडू नये म्हणून लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. कर्ज घ्यायचे, शिकायचे आणि नोकरी लागली की फेडायचे. संस्थेच्या छायेत शिकून विलायतेला जाऊन बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील परत साताऱ्यातच आले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. लंडनला जाऊन आलेला माणूस साताऱ्याला परत येतो याचे तेव्हाही लोकांना नवल वाटे.

भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले, ५ एप्रिलला पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि ९ मे रोजी ते गेले. त्यानंतरचा महाराष्ट्र झपाट्याने बदलला. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली, ही ‘ई.बी.सी.’ सवलत एका पिढीच्या बोलण्यातच मुरली. फी माफ झाली तरी खाण्यापिण्याचा खर्च उरतोच. म्हणून श्रमाची कल्पना रयतच्या बाहेरही पसरली. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यातल्या मुलांना वसतिगृह दिले आणि कामाची सवय लावली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाने ‘कमवा आणि शिका’ विद्यार्थी भवन उभे केले.

संस्थाही फैलावली. महाराष्ट्रातल्या पंधरा जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकात तिच्या शाखा आहेत. चाळीसहून अधिक महाविद्यालये आणि शेकडो हायस्कुले चालतात. साताऱ्याचे १९५८ चे सायन्स कॉलेज पुढे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स झाले. नवी मुंबईत वाशीला कर्मवीरांच्या नावाचे कॉलेज आले. तिथे शिकणारा मुलगा माथाडी कामगाराचा असतो, कधी बाजार समितीत गाळा असलेल्याचा असतो, कधी कोपरखैरण्याच्या आगरी घरातला. त्याच्यापुढच्या नोकऱ्या साताऱ्याच्या डोंगरातल्या मास्तरकीपेक्षा वेगळ्या आहेत: लॉजिस्टिक्स, बँक, आयटी, औषधकंपन्या.

नोकरीची हीच वाट इथे संयुक्त अरब अमिरातीपर्यंत येते. या स्मरणिकेचे बरेच वाचक अल नहदा या वस्तीत राहतात. अर्धी वस्ती दुबईत, अर्धी शारजात. मधली हद्द रस्ता ओलांडताना कळतही नाही, संध्याकाळच्या कोंडीत मात्र चांगली कळते. सातारा-सांगलीकडची पदवी घेऊन इथे नोकरीला आलेल्या माणसाला एक गोष्ट आधी शिकावी लागते. पदवीच्या कागदावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा, आणि इथे उतरल्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. आजोबा विहिरीवर घमेली वाहून शिकले असतील, तरी नातवाच्या पदवीला हे चार उंबरे चुकत नाहीत.

पुढची पिढी इथेच शाळा संपवते आणि तिचा प्रश्न निराळा असतो. मुलगा वडिलांच्या व्हिसावर असतो. ऑक्टोबर २०२२ पासून अविवाहित मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या नावावर राहता येते. आधी ही मर्यादा १८ होती आणि बारावीचा निकाल व व्हिसाची मुदत एकाच वर्षी घराच्या दारात उभे राहत. शिकत असताना काम करायचे तर मनुष्यबळ व अमिरातीकरण मंत्रालयाचा परवाना लागतो. फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्याच्या चौकटीत १५ वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाचा आणि कामाचा वेगळा परवाना आहे. साताऱ्यात हातात खुरपे दिले की काम सुरू. इथे आधी कागद. पण विद्यार्थ्याने शिकतानाच कामाला हात लावावा, ही गोष्ट आता कायद्याच्या भाषेत आली आहे, आणि रयतच्या जुन्या विद्यार्थ्याला ती अनोळखी वाटायचे कारण नाही.

तिकडे महाराष्ट्रात रयतचा जुना रस्ताच सर्वांत जास्त अडखळला. १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांना मोकळीक मिळाली आणि शिक्षणाचा खर्च घरावर येऊ लागला. मे २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरती थांबवली. भरती पुन्हा सुरू झाली ती अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टलच्या मार्गाने. आझाद कॉलेजातून बी.एड. झालेली मुलगी आता चाचणीचे गुण घेऊन यादीत उतरते. खासगी संस्थेला मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय उमेदवार मागता येतात, पण नावे पोर्टलवरूनच येतात. गुणवत्ता आणि पारदर्शकता यासाठी ही पद्धत आली आणि तिची गरज होती, कारण राज्यात सगळ्याच संस्थांनी नेमणुका भाऊरावांच्या पद्धतीने केल्या नव्हत्या. मात्र आपल्याच वसतिगृहातल्या पोराला ओळखून त्याला आपल्याच शाळेत पाठवण्याचा काळ मागे पडला. बी.एड. होऊन वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारी, शिकवणी घेणारी, मग तलाठी भरतीचा अर्ज भरणारी मुले सातारा, सांगली, सोलापूर भागात घरोघर आहेत.

शताब्दीनंतर संस्थेने दुसरी वाट धरली. राज्य सरकारच्या मान्यतेने साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आकाराला आले. यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही तीन महाविद्यालये मिळून ते बनले आहे. स्वतःचा अभ्यासक्रम ठरवण्याचे स्वातंत्र्य असल्याने नव्या शैक्षणिक धोरणातली इंटर्नशिप आणि उद्योगातली उमेदवारी पदवीतच बसवता येते. वाणिज्य, विज्ञान आणि कला यांच्या विद्यार्थ्यांना कुठल्या कारखान्यात, कुठल्या बँकेत, कुठल्या शेतकरी उत्पादक कंपनीत किती महिने पाठवायचे आणि त्या कामाचे गुण कसे मोजायचे, हे आता तिथले प्राध्यापक ठरवत आहेत.